खरी नक्कल

४ ऑगस्ट

चिरंजीव भाऊ,

आशीर्वाद नेहमीचेच, ते पोचले असं धर आणि आधी तक्रार ऐक. तू पाठवलेली सीडी मिळाली. तिला एवढ्या पुठ्ठ्यांत गुंडाळलं होतंस की जावयांना वाटलं, काचसामान आलंय. 'शिवण कारखान्यातील गाणी', आणि चौथ्या नंबरला आईचं गाणं. ते वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. साठ वर्षांपूर्वीची तबकडी, तिची आता सीडी निघते आणि तुला ती दुकानात कोपऱ्यातल्या खोक्यात सापडते, नवलच म्हणायचं. मूळ तबकडी आपल्या घरात होती आणि चार वर्षांचा असताना तू तिच्यावर बसलास, हे मी पुन्हा काढत नाही.

आता अडचण. माझा डावा कान गेलेलाच आहे, उजव्याने थोडं येतं. म्हणून तर फोन नको, लिहीत जा म्हणते. फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. नोव्हेंबरअखेर डॉक्टर उजव्या कानात यंत्र बसवणार आहेत. त्याने बोलणं कळायला लागेल म्हणतात, पण आत्ता जे थोडं आपलं स्वतःचं ऐकू येतंय ते जाणार. यंत्रातून म्हणे सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलतात. कान तपासणाऱ्या बाई फार चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "आजी, ते गाणं कॉम्प्युटरवर उतरवून माझ्याकडे आणा. तुम्हाला जेवढं ऐकू येतं तेवढ्यात मी ते बसवून देते. ऑपरेशनच्या आधी एकदा पोटभर ऐकून घ्या."

तुला माहीत नसेल, त्या गाण्यात तीन बायका एकामागून एक एकट्या गातात, एकच ओळ: 'लांब दोरा ओव बाई, अजून शिवण बाकी.' त्यातली एक आई. कितवी ते सीडीवर नाही. तिथे सगळ्या मिळून 'कारखान्यातील स्त्रिया' आहेत. क्रम माझ्याही लक्षात नाही, आवाज तेवढा आहे. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा. तिचा आवाज ओळखेल असं जगात एक मी उरलेय, आणि माझा कान नोव्हेंबरपर्यंत.

तर सीडी जावयांच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. एक खिडकी उघडली, तिच्यात हे एवढं करारपत्र. तुझ्या भाचीने न वाचता 'मान्य' दाबलं. मग सीडी तिच्या स्वतःच्या खिडकीतून वाजायला लागली, माझ्या कानात मुंग्या चालाव्यात तशी. उतरवून घ्यायला गेलो तर पाटी आली: 'नक्कल करण्यास परवानगी नाही.' मला तूच आठवलास. भाचीच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की 'मान्य' दाबताच सीडीतून कॉम्प्युटरमध्ये शिरून बसलेला, नक्कल अडवणारा पहारेकरी आधी काढायचा, आणि पुढच्या वेळी सीडी सरकवताना शिफ्टचं बटण दाबून धरायचं, म्हणजे तो परत आत शिरत नाही. पण करारपत्र मान्य करून बसलोय, तेव्हा आधी तुला विचारावं म्हटलं. कागदांचं तुला कळतं.

तुझी ताई


११ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. तुझे ४ तारखेचे पत्र मिळाले, मजकूर समजला. शिफ्टचे बटण कोणीही दाबू नये.

तुला वाटेल, नियमावर बोट ठेवतो आहे. पण मी दफ्तरखान्याच्या नक्कल शाखेत चौतीस वर्षे काढली. लोकांना नक्कल म्हणजे लबाडी वाटते, किंवा माकडाने करायची गोष्ट. आमच्याकडे तसे नव्हते. अर्ज आल्याशिवाय नक्कल नाही, आणि रुजवात झाल्याशिवाय शिक्का नाही. रुजवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचे. स्वल्पविरामसुद्धा वाचायचा. मुळात चूक असेल तर नकलेतही तीच चूक उतरली पाहिजे. एका जमिनीच्या जुन्या कागदात कुणीतरी 'सामाईक विहीर' ऐवजी 'सामाईक विहीण' लिहून ठेवले होते. आम्ही विहीणच उतरवली. तो मनुष्य सात वर्षे कोर्टात शेतातल्या विहिणीच्या अर्ध्या हिश्शासाठी भांडला. त्याला वाईट वाटले, पण आमची नक्कल खरी होती.

तेव्हा आईच्या आवाजाची नक्कल चोरून करायची हे मला पटत नाही. इतर कशाचीही केली असती तर डोळेझाक केली असती. मी कंपनीकडे रीतसर अर्ज करतो. नोव्हेंबरला अजून तीन महिने आहेत. माझ्या शाखेत नक्कल अकरा दिवसांत मिळत असे. तोवर सीडीला हात लावणार नाही असा शब्द दे.

तबकडीबद्दल मी विसरलेलो नाही. तू न काढताही.

भाऊ


११ ऑगस्ट

प्रति,
मा. व्यवस्थापक

विषय: 'शिवण कारखान्यातील गाणी' या सीडीतील गाणे क्र. ४ ची एक (१) नक्कल करण्याची परवानगी मिळणेबाबत

महोदय,

मी वरील सीडी दुकानातून विकत घेतली असून गाणे क्र. ४ मध्ये माझी दिवंगत आई गाते. माझ्या थोरल्या बहिणीस कान तपासणाऱ्या बाईंकडून ते ऐकता येईल असे करून घ्यायचे आहे. त्यासाठी ते कॉम्प्युटरवर उतरवणे आवश्यक आहे. बहिणीचा कान नोव्हेंबरअखेरपर्यंतच कामाचा असल्याने विषय तातडीचा समजावा.

माझ्या विश्वासार्हतेबद्दल शंका नसावी. मी चौतीस वर्षे केवळ नकला करण्याचेच काम केले आहे. माझ्या हातून सुमारे दोन लाख नकला बाहेर गेल्या. प्रत्येकीवर मी स्वतः 'खरी नक्कल' असा शिक्का मारला आहे. माझ्या शाखेत अकरा जण माझ्या हाताखाली तयार झाले. आजवर आमच्या एकाही नकलेवर कोणाला बोट ठेवता आलेले नाही.

कळावे.

अर्जदार


६ सप्टेंबर

हक्क संरक्षण विभागाकडून

आदरणीय ग्राहक,

आपण स्वतःहून दिलेल्या कबुलीबद्दल कंपनी आपली आभारी आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर नकला करून त्या खऱ्या म्हणून खपवणारी व्यक्ती आपणहून पुढे येण्याचा हा आमच्या विभागातील पहिलाच प्रसंग आहे. आपल्या पश्चात्तापाची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे.

पुढील कार्यवाहीसाठी आपल्या हाताखाली तयार झालेल्या अकरा जणांची नावे व सध्याचे ठावठिकाणे कळवावेत. 'शाखा' कोठे चालते, तसेच अन्य शाखा असल्यास त्या कोठे आहेत, हेही कळवावे. शिक्का आमच्याकडे जमा करावा. आवाजात फेरफार करून देणाऱ्या 'कान तपासणाऱ्या बाई' यांचे खरे नाव काय, आणि नोव्हेंबरअखेर आपल्या भगिनी नेमके काय करणार आहेत, याचा स्वतंत्र खुलासा अपेक्षित आहे.

आपल्याकडील सीडीही नकली असण्याची शक्यता लक्षात घेता ती तपासणीसाठी आमच्याकडे पाठवावी. ती अस्सल ठरल्यास तसे प्रमाणपत्र विनामूल्य देण्यात येईल.

परवानगीचा विषय या विभागाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी ग्राहक समाधान विभागाकडे लिहावे व सोबत या पत्राची नक्कल जोडावी.


१२ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. सोबत कंपनीचे पत्र पाठवत आहे. वाचून तुला हसू येईल, हे मला माहीत आहे. मला आले नाही. मी ते तीन वेळा वाचले आणि पंख्याखाली जाऊन बसलो. चौतीस वर्षांत मला कुणी लबाड म्हटले नव्हते. अकरांपैकी चौघे आता नाहीत. एक जण रोज सकाळी नातीला शाळेत सोडायला जातो आणि वाटेत दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. ही आमची टोळी.

मी सात पानांचा खुलासा धाडला आहे. नेमणुकीचा आदेश, निवृत्तीचा आदेश आणि निरोप समारंभाचा फोटो जोडला आहे. फोटोत मी कोणता, तिथे बाण काढला आहे.

शिक्का माझ्याकडे अजून आहे. निवृत्त होताना साहेबांनीच आठवण म्हणून दिला. त्याचे रबर झिजले असून 'खरी'मधला 'ख' जाऊन 'री नक्कल' असेच उमटते. तरीही तो मी देणार नाही.

मात्र सीडी तपासणीला मागितली आहे ती द्यावी, असे माझे मत आहे. आपली बाजू स्वच्छ असली की तपासणीला भ्यायचे कारण नाही. एकदा अस्सल असल्याचे प्रमाणपत्र हातात आले की परवानगी कोण नाकारणार? तेव्हा सीडी माझ्याकडे पाठवून दे. मी ती पोच घेऊनच पुढे पाठवीन.

भाऊ


१८ सप्टेंबर

भाऊ,

सीडी पाठवतेय. मनातून नाही पाठवत, तू मागितलीस म्हणून पाठवतेय. तबकडीवरून मी तुला आयुष्यभर बोलले. या वेळी तुझ्या शब्दाबाहेर जायचं नाही असं ठरवलंय. तुझी भाची माझ्याशी चार दिवस धड बोलली नाही. म्हणजे बोलली असेल, मला ऐकू आलं नाही.

ते पत्र आम्ही जेवताना वाचलं. जावयांना ठसका लागला. 'आपल्या भगिनी नेमके काय करणार आहेत' हे वाक्य त्यांना इतकं आवडलंय की मी चपला घालून बाहेर पडायला लागले की ते तेच विचारतात. तू मात्र मनाला लावून घेतोस. अरे, त्यांनी तुला एवढा मोठा चोर ठरवला, एक तरी दिवस ऐटीत फीर.

जावयांचं दुखणं वेगळंच आहे. सीडीबरोबर आलेला तो पहारेकरी कॉम्प्युटरमध्ये ठाण मांडून बसला आणि त्यांना त्यांच्याच ऑफिसच्या सीडी उघडू देईना. लग्नाच्या फोटोंची सीडी घातली तर म्हणाला, परवानगी नाही. जावई म्हणाले, हे मला लग्नाच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. शेवटी माणूस बोलावला आणि कॉम्प्युटर पुसून पुन्हा पहिल्यापासून भरून घेतला. म्हणजे पहारेकरी आपोआप गेलाय. शिफ्टचं बटण आहे तिथेच आहे. मी फक्त सांगून ठेवतेय.

काल दूधवाल्याची घंटा ऐकू आली नाही. तो दारात उभा होता तेव्हा दिसला. काळजी करू नकोस, पण वेळ लावू नकोस.

ताई


९ ऑक्टोबर

ताई,

तुझे ३ तारखेचे चार ओळींचे पत्र मिळाले. कान झपाट्याने उतरतो आहे म्हणून ऑपरेशन नोव्हेंबरऐवजी येत्या चौदा तारखेलाच करायचे ठरले, हे वाचून मला काही सुचेना झाले. सीडी अजून कंपनीतच आहे. दुसरी मिळते का म्हणून पाच दुकाने फिरलो. एका दुकानदाराने विचारले, "असली गाणी ऐकतं कोण?" मी म्हटले, "माझी बहीण." तो म्हणाला, "मग त्यांच्याकडेच असेल की."

काल कंपनीला फोन केला. आधी चाळीस मिनिटे त्यांनी गाणी ऐकवली. त्यात चौथे गाणे लागते का म्हणून मी एकदाही फोन खाली ठेवला नाही. मग एक मुलगी आली.

"सर, तुमची सीडी तपासणीत आहे."

"कधीपासून?"

"चोवीस सप्टेंबरपासून. रांगेत आहे, सर."

"पुढे किती आहेत?"

"पुढे कुणी नाही, सर. तुमची एकटीच आहे."

"मग रांग कसली?"

"सर, तपासणारे सर रजेवर आहेत. ते आले की रांग सुरू होईल."

मी तिला म्हटले, माझ्या बहिणीचे चौदा तारखेला ऑपरेशन आहे, त्यानंतर तिला आईचा आवाज ओळखता येणार नाही. तिकडे टाइप करण्याची बटणे वाजू लागली आणि मध्येच थांबली. मग हळूच म्हणाली, "सर, हे लिहायला माझ्याकडे रकाना नाहीये." तिचा दोष नाही. आमच्याही रजिस्टरला असा रकाना नव्हता.

आता आपल्या हातात वाट पाहण्यापलीकडे काही नाही. पण प्रकरण तातडीचे असल्याचा तांबडा शेरा मारून मी कंपनीला आज पुन्हा पत्र धाडले आहे. चौदाच्या आत निकाल लागेल, अशी मला अजूनही आशा आहे.

भाऊ


१७ ऑक्टोबर

मामा,

ऑपरेशन नीट झालं. आई जेवते, हिंडते, पाटीवर खडूने लिहून तिच्याशी बोलावं लागतं. यंत्र आत बसलंय पण ते महिन्याने सुरू करतील. तोवर तिला काहीच ऐकू येणार नाही, कुकरची शिट्टीसुद्धा नाही. तुझं नऊ तारखेचं पत्र पंधराला आलं.

दवाखान्यात आत नेताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "भाऊवर चिडू नकोस. त्याने विचारून केलं." पण मी चिडलेय, मामा. लहानपणी तू मला पेन्सिलीने वहीत रेघा मारून द्यायचास, त्या सगळ्या सारख्या यायच्या, आणि मला वाटायचं माझ्या मामासारखा माणूस नाही. अजूनही वाटतं. पण शिफ्टचं बटण एका बोटाने दाबायचं असतं. तेवढंच काम होतं.

भेटायला ये. तिला बरं वाटेल. मलाही वाटेल, थोड्या दिवसांनी.

तुझी भाची


२६ नोव्हेंबर

प्रति,
मा. व्यवस्थापक
(दोन्ही विभागांसाठी)

विषय: ११ ऑगस्टचा अर्ज मागे घेणेबाबत व एका नकलेची कबुली

महोदय,

आपण तपासणीस ठेवून घेतलेली सीडी २१ ऑक्टोबर रोजी परत मिळाली. सोबत ती अस्सल असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ते मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवले आहे. परवानगीबाबत आपले उत्तर अद्याप आलेले नाही. आता ते नको आहे.

गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी बहिणीच्या घरी, जावयांच्या कॉम्प्युटरसमोर बसून आपल्या सीडीतील गाणे क्र. ४ ची नक्कल केली. कोणाच्या सांगण्यावरून नाही. सीडी मी उजव्या हाताने सरकवली आणि डाव्या हाताच्या तर्जनीने शिफ्टचे बटण दाबून धरले. काहीतरी होईल, पाटी येईल, निदान घंटा वाजेल, असे मला वाटत होते. काही झाले नाही. आपला पहारेकरी, आपले करारपत्र आणि आपला हक्क संरक्षण विभाग हे सगळे माझ्या एका बोटाखाली मावले. काम संपल्यावरही मी खबरदारी म्हणून बोट काढले नाही. ते भाचीने उचलून बाजूला ठेवले.

ही माझ्या आयुष्यातली पहिली विनापरवाना नक्कल. आपल्या नोंदीत दोन लाख आहेत, त्यांत एक वाढवून घ्यावी. तिच्यावर शिक्का मात्र मारलेला नाही, कारण तिची रुजवात झालेली नाही. बहिणीच्या कानातले यंत्र पंधरवड्यापूर्वी सुरू झाले. तिला आता बोलणे समजते. कान तपासणाऱ्या बाईंनी गाणे संथ करून थेट त्या यंत्रात सोडले. तिने ते डोळे मिटून चार वेळा ऐकले. तिन्ही बायका तिला सारख्याच ऐकू आल्या, पत्र्याच्या. "छान आहे रे," असे ती मला म्हणाली. मी तिला साठ वर्षे ओळखतो. छान नव्हते.

ज्या कानाला ही रुजवात घालता आली असती तो, सीडी आपल्या टेबलावर पडून असताना, आम्ही गमावला. आम्ही म्हणजे आपण आणि मी. आपण दिरंगाई केली, आणि मी ती रीतसर आहे म्हणून मान्य केली. माझा वाटा मोठा आहे.

शिक्का देणार नाही.

माजी अर्जदार


५ डिसेंबर

ग्राहक समाधान विभागाकडून

प्रिय संगीतप्रेमी,

आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे. गाणे क्र. ४ आपल्याला आवडल्याचे वाचून आनंद झाला.

शिफ्टच्या बटणाबाबतची त्रुटी सविस्तर निदर्शनास आणून दिल्याबद्दल आमचा तांत्रिक विभाग आपला विशेष ऋणी आहे. सुधारित आवृत्तीत ती दूर करण्यात आली असून आधीची आवृत्ती बाजारातून परत घेण्यात येत आहे. सुधारित आवृत्तीत जुन्या ध्वनिमुद्रणातील खरखर, खोकला, खुर्च्यांचे व श्वासोच्छ्वासाचे अनावश्यक आवाज, तसेच गाताना चुकून पडलेले खंड काढून टाकून गाणी निर्दोष करण्यात आली आहेत.

सदर आवृत्तीची एक सीडी आपल्याला सप्रेम भेट. कृपया तिची नक्कल करू नये.


१९ डिसेंबर

भाऊ,

तू पाठवलेली कंपनीची भेट पोचली. तिच्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी हे कबूल करते की त्या दिवशी मी तुला छान आहे म्हटलं ते खोटं होतं. तुझं तोंड बघवत नव्हतं. तीन डबे वाजत होते, त्यातला आईचा कुठला ते कळेना. तू गेल्यावर मी भाचीच्या खोलीत जाऊन रडले. म्हटलं, आई आता खरीच गेली.

तरी रोज सकाळी चहा झाल्यावर ऐकायचे. बाईंनी सांगितलंय, यंत्राला सवय लागते, ऐकत राहा. पहिली बाई, दुसरी बाई, तिसरी बाई. परवा ऐकताना वाटलं, यंत्र बिघडलं. तिसरी बाई 'अजून' म्हणाली आणि आवाज बंद. मग पुढे 'शिवण बाकी'. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच बंद. पहिल्या दोघी सलग म्हणतात, ही एकटीच थांबते. भाचीला बोलावलं. ती म्हणाली, "बंद नाही पडलं आई, ती बाई श्वास घेतेय."

आणि भाऊ, मला ती खोली दिसली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला ते आठवतच नव्हतं. मी नऊ वर्षांची, काचेच्या पलीकडे स्टुलावर बसले होते, आणि खबरदार आवाज केलास तर, असं मला बजावलं होतं. कारखान्याच्या बायका ओळीने उभ्या होत्या. ध्वनिमुद्रण संपलं तसे पेटीवाले मास्तर आईवर डाफरले, "ओळ एका दमात घ्यायची असं किती वेळा सांगितलं?" आई म्हणाली, "मास्तर, तुमचा दम एकट्याचा. माझा दोघांत वाटला जातोय." सगळ्या बायका हसल्या. मास्तरांच्या टकलापर्यंत लाली चढली. दुसऱ्यांदा घ्यायला तबकडी शिल्लक नव्हती, म्हणून ती चूक तशीच राहिली.

तिला सातवा महिना होता. पोटात तू होतास.

आवाज पत्र्याचा झाला तर झाला. श्वास जिथे घेतला तिथेच आहे, तो यंत्राला हलवता आला नाही. तिसरी बाई आई आहे. मी रोज ऐकते. 'अजून' म्हटलं की ती थांबते, आणि मी पण थांबते.

आता कंपनीच्या भेटीबद्दल. भाचीने ती लावली, तिची ती खिडकी उघडू दिली आणि माझ्या यंत्राची तार जोडली. तिच्यात तिघीही एका दमात गातात. इतक्या सफाईने गातात की आईला त्यांनी पुसूनच टाकलं. ती सीडी परत पाठवते आहे. त्यांना कळव की ती नकली आहे, मी तपासली.

तू केलेल्या नकलेची रुजवात मी घातली. भाचीने एकेक शब्द मोठ्याने म्हटला आणि मी नक्कल ऐकत वहीत लिहिलेल्या ओळीवर बोट फिरवलं, तुमच्या शाखेसारखं. एका ठिकाणी चूक आहे, ती मुळातलीच आहे, आणि बरोबर उतरली आहे. 'ख' उमटत नसेल तर हाताने लिही, पण शिक्का मार.

तू त्या तबकडीवर बसलास, हे मी तुला छप्पन्न वर्षं ऐकवत आले. तू तिच्यात होतास, हे सांगायचं राहून गेलं.

तुझी ताई